कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

रशीद,

आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास. ही तुझी जुनीच खोड. वाद रंगात आला की तू सोल्डरिंगची तापलेली कांडी उचलायचास, दातांत तार धरायचास आणि मग मी कितीही बोललो तरी "हं" याशिवाय उत्तर मिळायचं नाही. मागच्या मंगळवारी कब्रस्तानात तुला मूठमाती देताना माझ्या मनात आधी हेच आलं, की आता हा माणूस "हं"सुद्धा म्हणणार नाही. लोक दुआ मागत होते आणि मला तुझा राग येत होता. खरं सांगतो. रडू नंतर आलं, घरी हातपाय धुताना.

वाशीमच्या एसटी स्टँडामागे तुझं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, चार फळ्या आणि वर एक पत्रा. तुझ्याकडे टाकलेला रेडिओ दुरुस्त होऊन यायचा हे नक्की, पण महिन्याने यायचा, कारण दुरुस्त झाल्यावर त्याच्यावर तूच गाणी ऐकत बसायचास. शाळेत शिकवून सुटलो की मी तुझ्या बाकड्यावर येऊन बसायचो. मला वाटायचं मी रेडिओचा तगादा लावायला येतो. आता कळतं की रेडिओ कधीच निमित्तापुरता उरला होता.

पण ज्या दिवशी मी खरोखर काही मागायला आलो तो दिवस तुला आठवत असेल. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष, दिवाळी झालेली. माझी मोठी बहीण यमुना, अनसिंगला दिलेली. बौद्ध वस्तीतल्या बायांच्या गाण्यात पुढचा आवाज तिचा. बुद्धजयंती असो, बारसं असो, चौदा एप्रिल असो, यमुनाताई आल्याशिवाय ढोलकीवर थाप पडायची नाही. तिच्या गळ्यात गाठ झाली होती आणि ती वाढत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, आणि आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा आवाज बदलेल, कदाचित जाईलही. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. मी तुझ्या बाकड्यावर बसलो आणि म्हणालो, "रशीद, मला ताईचा आवाज ठेवून घ्यायचा आहे. कोणती मशीन घेऊ?"

तू कांडी खाली ठेवलीस. माझ्या देखत तू ती कधी अशी ठेवली नव्हतीस.

"पैशे किती हायेत?"

मी सांगितलं. तू हसला नाहीस, एवढी माणुसकी दाखवलीस.

मला हवा होता तो कॅसेटचा छोटा टेपरेकॉर्डर. मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या खांद्याला मी तो पाहिला होता, लाल, चकचकीत, चामडी पट्ट्याचा. माझा जीवच जडला होता त्याच्यावर. तुला घेऊन मी तो पाहायला गेलो. तू तो कानाशी धरलास, आपलंच खोकणं त्याच्यात भरून पुन्हा ऐकलंस आणि परत दिलास.

"बोलनं आयकाले ठीक हाय. गानं आयकाले नाई. याचा माईक याच्याच पोटात हाय मास्तर, गान्याच्या आदी तो मशीनचीच घरघर आयकते. तुले ताईचा आवाज पायजे का मोटरचा?"

"मग काय करू?"

"मशीन जुनी घे. माईक नवा घे. जितका पैसा हाय तितका जास्तीत जास्त माईकवर टाक. तिथं जे सुटलं ते पुढची कोनतीच मशीन आनून देत नाई."

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"हो ना. मोत्यालेच तं आयकू येते. नाकाचं काय काम हाय तिथं?"

मी मास्तर, म्हणजे शहाणपणा सांगायची सवय मला. पण त्या दिवशी मी तुझं ऐकलं. माईक अकोल्याहून आला. तो घेतल्यावर हाताशी जे उरलं त्यात दुसरा माईक येणं शक्य नव्हतं, आणि ढोलकीला वेगळा कान पाहिजे असा तुझा हट्ट. "एकाच माईकनं ढोलकी ताईच्या आवाजावर बसते," तू म्हणालास. मग एक दिवस तू मला दुकानात बोलावलंस. मोडीतल्या एका रेडिओचा भोंगा, म्हणजे आतला स्पीकर, तू काढून ठेवला होतास. त्याच्या तारा कुठेतरी उलट्या जोडल्या होत्या, मध्ये एक छोटासा ट्रान्सफॉर्मर.

"याच्यात बोल."

"भोंग्यात? अरे, भोंगा बोलतो. त्याच्यात काय बोलायचं?"

"बोल तं खरं."

मी त्या काळ्या कागदी पडद्याकडे तोंड करून माझं नाव सांगितलं. दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या रेडिओतून माझं नाव मला ऐकू आलं. जन्मभर आम्ही ज्याच्यासमोर बसून ऐकत आलो तो माझं ऐकत होता! मी विज्ञान शिकवतो रे, पुस्तकातलं ते सगळं मला पाठ होतं, पण अंगावर काटा आला तो तुझ्या दुकानात. तू नुसता म्हणालास, "जो बोलते तो आयकतेबी. त्याले कोनी इचारत नाई म्हनून." आणि ढोलकीचा माईक फुकटात झाला.

मशीन मिळाली रिसोडला. लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या एका माणसाच्या घरी पोत्यांखाली पडलेली, मोठ्या रिळांची, दोन माणसांनी उचलावी अशी. तो म्हणाला, चालत नाही, न्यायची तर न्या. तू तिचं झाकण काढून आत नाक घातलंस, वास घेतलास, मग टेप जिथे घासत जाते त्या हेडवरून बोट फिरवून म्हणालास, "जीभ झिजली हाय, पन बोबडी नाई झाली." तिचा रबरी पट्टा ताणून सैल झाला होता. तू सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं कापून तिथे चढवलंस आणि मशीन फिरायला लागली. रिळांवर कोणाकोणाच्या लग्नातलं काहीबाही भरलेलं होतं. मी म्हणालो, पुसून टाक, आपल्याला कोरी टेप पाहिजे. तू ऐकलं नाहीस. दोन संध्याकाळी तू दुकानात बसून परक्यांच्या लग्नातल्या हाका, रुसवे, मामाला बोहल्यावर बोलावणं, सगळं सगळं ऐकलंस.

"पुसाच्या आदी आयकलं पायजे," म्हणालास. "कोनाचं तं हाय."

मी तुला तेव्हा वेडा म्हटलं होतं.

मशीन चालू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आपण एसटीने ती घेऊन अनसिंगला गेलो, नुसती चाचणी घ्यायला. भाऊजींच्या घरी वेचणीचा कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला होता. दुसरी जागाच नव्हती, म्हणून कापसाला पाठ लावून आपण बसलो. ताईने एक ओळ म्हटली. तू रीळ मागे फिरवलंस, बटण दाबलंस. ताई होती तिथेच बसली होती, ओठ मिटून, आणि तिचा आवाज खोलीत उभा राहिला. श्वास घेतलेला कळत होता. ओळीच्या शेवटी ती थोडी हसल्यासारखी करते, तेही होतं त्यात.

दारातल्या बाया आत सरकल्या. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा! पोरीचं तोंड बंद हाय न आवाज कुठून येऊन राह्यला?" ताईचा हात आपोआप गळ्याकडे गेला. आणि तू, सगळ्या जिल्ह्याचे रेडिओ ऐकून कान किटलेला माणूस, तू मशीनवरचा हात काढायला विसरलास. परतीच्या गाडीत तू माझ्याजवळ सरकलास. मग म्हणालास, "मास्तर, हे माह्या मशीनचं काम नाई. हे काई येगळंच हाय."

आणि पुढच्या रविवारी आपण तोंडघशी पडलो. तो शेवटचाच रविवार, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ताई अकोल्याला जायची होती. मशीन तीच, माईक तोच, खोली तीच, आणि आवाज असा की ताई विहिरीत उतरून गाते आहे. शब्दावर शब्द सांडत होता. तू मशीन उघडलीस, पुसलीस, लावलीस. पुन्हा तेच. तू पट्ट्याला दोष दिलास, मग रिसोडच्या माणसाला शिव्या घातल्यास, मग मी एसटीच्या टपावरून मशीन आपटत उतरवली असं म्हणालास. मीही काही कमी नाही. "स्वस्तातला सौदा अंगाशी आला," मी म्हणालो, "तो लाल टेपरेकॉर्डर घेतला असता तर ही वेळ आली नसती." तू तिसऱ्यांदा मशीन उघडलीस. प्रत्येक स्क्रू तू पुन्हा पुसून लावायला लागलास. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की हे काम तुला माझ्याइतकंच लागलं होतं.

ताई चहा घेऊन आली. थोडा वेळ तिने आपलं भांडण ऐकून घेतलं.

"रशीदभाई, त्या मशीनले कायले मारता? मांगच्या येळेस घर भरलं होतं. मंगळवारी कापूस गेला ना गाडीवर. रिकाम्या घरात कोनीबी बोललं तं असंच वाटते."

तू पेचकस खाली ठेवलास. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीस. टाळी चारी भिंतींवरून फिरून आली. मी म्हणालो, "घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा." पण तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तू ताईकडे वळलास आणि सरळ सलाम केलास. "ताई, म्या वीस वरसं कान लावून बसलो, न कान तुमचा निघाला."

कापूस तर खरेदी केंद्रावर गेला होता, तो परत कुठून आणायचा? "वाकळी आना," तू म्हणालास. ताईने दारात उभं राहून एक हाक मारली. पंधरा मिनिटांत वस्तीतल्या घराघरांतून वाकळी, म्हणजे गोधड्या, आल्या, लुगड्यांच्या, धोतरांच्या, ठिगळांच्या, कोणाच्या बाळंतपणातल्या, कोणाच्या सासूने शिवलेल्या. तू त्या आढ्यापासून जमिनीपर्यंत टांगल्यास. टाळी वाजवलीस. ती जागच्या जागी विझली. आता अडचण एकच होती, पिठाची गिरणी सुरू झाली की गावातली लाइट मंदावायची आणि मशीन रेंगाळायची. भाऊजी गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, "यमुनाचं गानं भरून राह्यले का? मंग दोन घंटे बंद ठेवतो." दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया डब्यांसकट भाऊजींच्या अंगणात येऊन बसल्या. लेकरांना कोणी गप्प करावं लागलं नाही. एक कोंबडा आरवला, तो टेपवर आहे. बाकी कोणी हूं की चूं केलं नाही.

रशीद, मी पुष्कळ पाहिलं आहे, पण भर दुपारी अख्खी वस्ती श्वास रोखून एका बाईचं ऐकते आहे असं मी तेव्हाच पाहिलं. भाऊजी ढोलकीवर, ढोलकीपुढे तो तुझा मोडीतला भोंगा. ताईपुढे माईक धरून तू मांडी घालून बसलास, कारण माईकचा स्टँड घ्यायला पैसे उरले नव्हते. दोन तास तुझा हात हलला नाही. ताईने वस्तीतली सगळी गाणी म्हटली, आणि शेवटी ढोलकी थांबवून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. गाता गाता तिचे डोळे तुझ्या चेहऱ्यावर होते. तिला कळत होतं की इथे कोणी तरी प्रत्येक अक्षर ऐकतो आहे.

गाठ निघाली. जीव वाचला. आवाज मात्र खाली बसला, जाड आणि खरखरीत. ताई बोलायची सगळं, पण गाणं तिने सोडलं. कार्यक्रमात मागे बसून टाळ्या धरायची. मशीन आणि रिळं मी माझ्या घरी आणून कपाटात ठेवली, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते पाच वर्षं चाललं.

"तिले आयकव," तू म्हणायचास.

"तिच्या जखमेवर मीठ चोळू?"

"आवाज तिचा हाय. फैसला तू काहून करून राह्यला?"

"ती कोसळेल रशीद. जे गेलं ते तिच्यासमोर कशाला वाजवायचं?"

"गेलं नाई ना! तुह्या कपाटात हाय!"

दर सहा महिन्यांनी हेच. आणि एकदा, गेल्या उन्हाळ्यात, तू जरा जास्तच लावून धरलंस तेव्हा मी म्हणालो, "तू तिला ताई म्हणत असशील, पण बहीण ती माझी आहे." तू कांडी उचललीस. चहा आला तो तू घेतला नाहीस. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू नेहमीसारखाच बोललास, मीही नेहमीसारखाच बसलो, आणि माफी मागायची ती राहून गेली. उद्या मागू, परवा मागू. मास्तरकीत माफी मागायची सवय लागत नाही, हेच खरं. रशीद, माझं चुकलं. हे मी तुझ्या बाकड्यावर बसून म्हणायला हवं होतं.

शुक्रवारी ताई अनसिंगहून आली. आधी तुझ्या घरी गेली. भाभींजवळ बराच वेळ नुसती बसली, त्यांचा हात धरून. मग माझ्या घरी आली, पाणी प्यायली आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "रशीदभाईनं भरलेली ते टेप कुठी हाय?"

मी कपाटाकडे पाहिलं. "आहे. कपाटात आहे."

"लाव."

"ताई, तुला त्रास होईल."

"मले?" तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मले वाटे तुले तरास होईन. माहा आवाज गेला तवा तूच लय रडला होता. म्हनून म्या पाच वरसं इचारलं नाई."

दोघं बहीणभाऊ एकमेकांना सांभाळत बसलो, आणि मधल्या मध्ये तू एकटा खरं बोलत होतास.

मशीन लावली. ताई ताठ बसून ऐकत होती. मी तिच्याकडे चोरून पाहत होतो, आता रडेल, मग रडेल. ती रडली नाही. लेकरू आरशात पाहतं तशी ती त्या फिरणाऱ्या रिळाकडे पाहत होती. तिसऱ्या गाण्यानंतर म्हणाली, "लय चांगली म्हनत होती व बाई." स्वतःलाच म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय नाव देऊ? तिला तिच्या तरुणपणीची एक हुशार मैत्रीण भेटली होती, आणि तिला तिचा हेवा वाटत नव्हता. मी पाच वर्षं ज्याला घाबरलो ते हे होतं.

ओव्या आल्या. आमच्याकडे जात्यावर बसलेली बाई भावाची ओवी म्हणते, त्यात भावाचं नाव घेते. टेपवर माझं नाव आलं. ताईने हात वर केला.

"थांबव. चुकली मी."

"कुठे चुकलीस? चांगलं तर आहे."

"एकाचंच नाव घेतलं ना. दुसरा समोर बसला होता हातात माईक धरून, त्याचं राह्यलं." तिने पदर खोचला. "मशीन भराले लाव. म्हनते मी."

"आता? या आवाजात?"

"मंग काय दुसऱ्या कोनाच्या आवाजात म्हनू?"

मी मशीन लावली. कोणतं बटण आधी दाबायचं हे मला दोनदा पाहावं लागलं. माईक हातात धरून मी तिच्यासमोर बसलो आणि मिनिटभरातच माझा हात दुखू लागला. तू दोन तास कसा धरला होतास? ताईने डोळे मिटले आणि पाच वर्षांनी गळा उघडला, जाड, फाटका, पण सुरात.

*सख्ख्या माह्या भावासंगं भाऊ दुसरा वाशीमले,*
*रशीद त्याचं नाव बाई, कान दिला त्यानं मले.*

तू असतास तर पुन्हा घ्यायला लावलं असतंस. मी आवाज मोजणाऱ्या सुईकडे पाहायला विसरलो, दोन ठिकाणी आवाज फुटला आहे, माईक हातात हलल्याची खरखर आहे, आणि मध्येच रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्न आला आहे. मी काही ते पुन्हा घेणार नाही. नाव स्पष्ट ऐकू येतं.